शिरोळच्या पेटीतले निरोप

“मग निरोप जातात कुठं?”

अक्कांनी विचारलं आणि रणधीरला वाटलं, आपण यांना उगाच बोलावलं.

“तेच तर सांगतोय अक्का. आमच्याकडून कुठंच जात नाहीत. नेटवर्क एकदम चोख आहे.”

“बरं.”

“म्हणजे तुम्ही कुणाकडूनही तपासून घ्या.”

“बरं बाबा. मी कुठं नाही म्हटलं?”

अक्कांनी पिशवी मांडीवर घेतली आणि खोलीभर नजर फिरवली. बघण्यासारखं तिथं फार नव्हतं. खालच्या दुकानातून पेंडीचा वास वर येत होता, एसीची घरघर चालली होती आणि भिंतीवर रणधीरनं लावलेला मोठा स्क्रीन होता. त्यावर हिरव्या ठिपक्यांची ओळ.

आता या अक्का म्हणजे वेणूअक्का घाटगे. सांगलीच्या टेलिफोनच्या ट्रेनिंग सेंटरात यांनी उभी हयात पोरांना तारा जोडायला शिकवलं. शिकवायच्या तरी काय, बोलायच्याच कमी. पोरगं चुकलं की त्याच्या हातातली पकड काढून घ्यायच्या आणि नुसत्या त्याच्याकडं बघत राहायच्या. पोराला घाम फुटायचा. मग त्याचं त्यालाच कळायचं, कुठली तार कुठं गेलीय ते. रिटायर होऊन त्यांना जमाना झाला, तरी दसऱ्याला त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा.

त्या सगळ्या पोरांत रणधीर मगदूम हुशार. आणि हुशार असल्याचं त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक. पुण्याला गेला, शिकला, परत येऊन स्वतःची कंपनी काढली. जयसिंगपुरात मोठ्या दुकानाचं फोनचं काम निघालं की लोक म्हणायचे, मगदुमाला बोलवा. तोही गाडीतून उतरताना असा उतरायचा, जणू सासरी आलेला जावई.

चौगुल्यांच्या दुकानाचं काम त्याचंच.

दादासाहेब चौगुल्यांचा धंदा पशुखाद्याचा आणि जनावरांच्या औषधांचा. शिरोळ, कुरुंदवाड, नांदणी अशा त्यांच्या शाखा. जनावर आजारी पडलं की लोकांनी आपल्या शाखेच्या नंबरवर फोन लावायचा. तिथं रणधीरनं बसवलेली एक पेटी म्हणायची, “नमस्कार, आपला निरोप सांगा.” माणूस बोलून मोकळा व्हायचा. पेटी त्याचं बोलणं साठवायची आणि नेटवर्कवरून जयसिंगपूरच्या या खोलीत पाठवून द्यायची.

इथं मालन कोष्टी बसायची. कानाला हेडफोन लावून एकेक निरोप ऐकायची आणि डॉक्टरला गाडीवर घालून धाडायची.

बसायची म्हणायचं, कारण सोमवारपासून तिला घरी बसवलं होतं.

झालं होतं असं, की शिरोळच्या बाजूचे निरोपच येईनासे झाले. कुरुंदवाडचे यायचे, नांदणीचे यायचे, शिरोळचं नाव नाही. लोक म्हणायचे, आम्ही बोललो. मालन म्हणायची, मला आलंच नाही. शिरोळजवळच्या अर्जुनवाडात बंडा खोताची म्हैस विताना अडली. तो सकाळपासून फोन करत होता, डॉक्टर काही पोचला नाही. म्हैसही गेली आणि पोटातलं रेडकूही.

खोतानं आरडाओरडा केला नाही. तो दुकानात आला, म्हशीचं दावं पायरीवर ठेवलं आणि निघून गेला. सगळ्या बाजारपेठेनं बघितलं.

दादासाहेबांनी रणधीरला वर बोलावलं. रणधीरनं तपासलं आणि लेखी दिलं, यंत्रात नि नेटवर्कमध्ये दोष नाही.

यंत्रात दोष नाही म्हटल्यावर राहिलं कोण? मालन. त्यातून तिचं माहेर शिरोळचं. तिथं दुसऱ्या एका डॉक्टरचा दवाखाना चांगला चाललेला. कुणीतरी म्हणालं, निरोप ऐकून ती पुसते आणि गिऱ्हाईक तिकडं वळवते. म्हणणाऱ्याचं काय जातं! पण ऐकणाऱ्याला पटलं. आज चार वाजता दादासाहेब पोलिसांत जाणार होते. सोबत रणधीरचा कागद.

आणि आज सकाळीच शिरोळहून दोघं जण भांडत आले. आम्ही काल निरोप ठेवला होता, कुणी ऐकलं का नाही?

मालन तर घरी. तिच्या खुर्चीत सोमवारपासून बसला होता खुद्द रणधीर.

म्हणून त्यानं अक्कांना फोन केला. तसं म्हणाला मात्र नाही. म्हणाला, “अक्का, एकदा माझं काम बघायला तरी या.”

अक्का म्हणाल्या होत्या, “रिक्षा पाठव.”

“हे ठिपके कसले?” अक्कांनी विचारलं.

रणधीर खुलला. हे सांगायला त्याला आवडायचं.

“हा माझा पहारा, अक्का. शाखेत कुणी जायला नको, काही नको. हा कॉम्प्युटर आपला आपण प्रत्येक पेटीला हुकूम सोडतो, एक चाचणी पाठव. पेटी चाचणीचा निरोप पाठवते. तो इथं पोचला की ठिपका हिरवा. नाही पोचला तर लाल.”

“आणि लाल कधी झाला?”

“एकदाही नाही!”

“शिरोळचा?”

“शिरोळचा तर नाहीच. शिरोळवर सगळ्यात कडक पहारा आहे.”

“का?”

“तक्रार तिथली ना. सुरुवातीला खरंच तिथं एक जोड सैल होता. मी त्याच दिवशी माणूस पाठवून घट्ट करून घेतला. पुन्हा कुणी बोट दाखवायला नको म्हणून हा पहारा बसवला.”

“मग तक्रार थांबली?”

“नाही. वाढली.”

“मग?”

“मग मी पहारा वाढवला.”

अक्कांनी शिरोळच्या ठिपक्याकडं बघितलं.

“आणखी तक्रार आली, आणखी वाढवला,” रणधीर म्हणाला. “आता तर शिरोळला श्वास घ्यायला उसंत नाही, एवढी तपासणी चालू आहे. त्यातूनही एकूण एक चाचणी पोचते. एकूण एक! मग सांगा, नेटवर्कला कसा दोष देणार?”

“शिरोळला गेला होतास?”

“कशाला? इथून सगळं दिसतं की.”

“हं…”

रणधीरनं तो ‘हं’ ओळखला. सेंटरात असताना पकड हातातून जायच्या आधी असाच ‘हं’ यायचा.

“ती चाचणी ऐकव बघू मला,” अक्का म्हणाल्या.

त्यानं हेडफोन पुढं केला. अक्कांनी तो डोक्यावर न चढवता, एकच बाजू कानाला धरली, जुन्या रिसीव्हरसारखी. डोळे मिटले.

बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. रणधीरला ठाऊक होतं आत काय वाजतंय ते. त्याचाच आवाज होता. चाचणी, चाचणी, शिरोळ ठीक. चाचणी, चाचणी, शिरोळ ठीक.

“आवाज छान आहे तुझा,” अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या.

“स्टुडिओत जाऊन केलाय.”

“तरीच.”

त्यांनी हेडफोन कानाशी आणखी दाबला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दादासाहेब चौगुले आत आले. हातात गाडीची किल्ली, काखेत कागदांची पिशवी. माणूस वाईट नव्हता. पण पायरीवरचं ते दावं बघितल्यापासून त्यांना जेवण जात नव्हतं. कुणाला तरी शिक्षा झाल्याशिवाय ते जाणारही नव्हतं.

“नमस्कार बाई. रणधीरनं सांगितलं, तुम्ही याच्या गुरू म्हणून. काय, शिष्याचं काम पसंत आहे का?”

“बघतेय.”

“बघा, बघा. मी जरा ठाण्यात जाऊन येतो. रणधीर, तुझा कागद घेतलाय. साहेबांनी फोन केला तर काय सांगायचं ते ठाऊक आहे ना?”

“हो दादासाहेब. नेटवर्क निर्दोष.”

“बास. एवढंच.”

“चौगुले,” अक्का म्हणाल्या, “जरा थांबता का? पाणी पिऊन जा.”

“आता पाणी कसलं बाई, चार वाजतील…”

“थांबा.”

अक्कांनी आवाज चढवला नव्हता. पण दादासाहेब थांबले. पुढं कितीतरी दिवस ते लोकांना सांगायचे, मला त्या बाईंनी कसं थांबवलं कोण जाणे, पायच उचलेना.

अक्कांनी हेडफोन टेबलावर ठेवला.

“रणधीर, शिरोळहून इथं एका वेळी किती निरोप निघतात?”

“एक. एक पोचला की दुसरा. बाकीचे तोवर पेटीत रांगेत थांबतात. सगळीकडं तसंच असतं.”

“तुझी चाचणी कुठं थांबते?”

“ती नाही थांबत. तिला पुढं घ्यायचं, असं मी पेटीला सांगून ठेवलंय.”

“का?”

“अहो अक्का, चाचणीच उशिरा आली तर तिचा उपयोग काय?”

“बरोबर.”

“जाते, पोचते, पोचल्याचं उत्तर घेऊन मागं येते. की लगेच दुसरी. मध्ये फट म्हणून ठेवली नाही मी.”

“फट नाही…”

“अजिबात!”

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. तसंच, नुसतं. एसी घरघरत होता. हिरवा ठिपका उघडझाप करत होता. दादासाहेबांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

रणधीरला घाम फुटला. पण कळलं काहीच नाही. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, अक्का आता थकल्या. हे नवीन आहे, यांना नाही समजायचं. बिचाऱ्यांना रिक्षानं परत पोचवावं.

आणि अक्का उठल्या.

गुडघ्यावर हात टेकत उठल्या, पहाऱ्याच्या कॉम्प्युटरपाशी गेल्या, वाकून त्याच्या मागची निळी वायर चाचपली, मुळाशी चिमटीत धरली आणि ओढून काढली.

“अक्का!”

रणधीर ओरडला. जन्मात पहिल्यांदा तो त्यांच्यावर ओरडला.

भिंतीवरचे ठिपके पटापट लाल झाले. नांदणी लाल, कुरुंदवाड लाल, शिरोळ लाल. अख्खी ओळ लाल झाली आणि कॉम्प्युटर टूं टूं करून बोंब मारायला लागला.

“गेलं!” दादासाहेब म्हणाले. “गेलं सगळं! अहो बाई, हे काय केलंत तुम्ही?”

“अक्का, ती वायर द्या इकडं. द्या! पहारा बंद पडलाय. आता निरोप येतात का नाही, ते कसं कळणार?”

अक्कांनी वायर दिली नाही. हात मागं घेतला, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

“श्…”

रणधीर पुढं झाला होता, तो तिथंच थबकला. गुरूच्या हातातून हिसकावून घ्यायचं म्हणजे… हात तेवढा पुढं जाईना.

तोवर टेबलावरच्या फोनचा छोटा दिवा लागला.

हा दिवा निरोप आल्याचा. त्याचा पहाऱ्याशी काही संबंध नाही. मालन असताना तो लागायचा. रणधीर खुर्चीत बसल्यापासून त्याला तो कुरुंदवाडसाठी नि नांदणीसाठी लागलेला दिसला होता.

आता फोनच्या काचेवर नाव आलं. शिरोळ.

मग पुन्हा शिरोळ. पुन्हा शिरोळ. एकामागून एक नावं अशी पडायला लागली, जशी पोत्याची शिवण उसवल्यावर सरकी सांडते. दिवा विझायचं नावच घेईना.

दादासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं होतं. रणधीरनं लाल ठिपक्याकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं, परत ठिपक्याकडं बघितलं.

“हे… हे कसं…”

“ऐक,” अक्का म्हणाल्या.

त्यानं स्पीकरचं बटण दाबलं.

“हॅलो? शिरोळवरनं बोलतोय. आमच्या गाईनं दोन दिस वैरण तोंडाला लावली न्हाई. जरा बघून जावा की.”

दुसरा.

“अवो, कालपण बोललो. शेरडू फुगलंय. येतायसा का न्हाई?”

तिसरा आवाज धापा टाकत होता.

“मी बंडा खोत, अर्जुनवाड. म्हस अडलीया. डॉक्टरला लावून द्या लगोलग.”

दादासाहेबांनी जवळच्या खुर्चीची पाठ धरली.

“परत मीच बोलतोय, खोत. पाय दिसायलेत, पर फुडं सरकंना. कोण निघालंय का?”

“खोत बोलतोय. आवो, कुणीतरी या. कुणीपण या.”

मध्ये एक निरोप नुसता आला, त्यात बोलणं नव्हतं. लांब कुठंतरी जनावर हंबरत होतं, आणि फोन धरणारा माणूस श्वास घेत होता.

मग शेवटचा.

“खोत बोलतोय. ऱ्हाऊ द्या आता.”

दादासाहेब मटकन बसले. काखेतली पिशवी खाली घसरली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

रणधीर उभाच होता. सगळं त्याला आता दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं. पेटीत खोत थांबला होता. रांगेत, दाराशी. आणि दर वेळी दार उघडलं की आधी रणधीर शिरत होता. स्टुडिओत केलेला आवाज घेऊन. शिरोळ ठीक, शिरोळ ठीक. लोक जितकं ओरडले तितका तो जास्त वेळा शिरला.

“मी रोज बघत होतो,” तो पुटपुटला. “रोज बघत होतो हो अक्का…”

फोन आपला चालूच होता. कुणाचं औषध संपलेलं, कुणाला पेंड हवी होती, एकानं दादासाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला. दादासाहेब मान खाली घालून तोही ऐकत राहिले.

मग एक बाई बोलली. हळू बोलली, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं.

“नमस्कार. मी मालन… मालन कोष्टी.”

रणधीरचा हात बटणाकडं गेला. बंद करायला गेला की आवाज वाढवायला, ते त्याचं त्याला कळलं नाही. अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

“मी माहेरी हाय, शिरोळात. हपिसच्या नंबरवर माझा फोन कुणी घेईना, म्हणून हितनं बोलतीया. माझ्या जाग्यावर कोण बसलंय मला म्हाईत न्हाई. ताई असाल, दादा असाल. दोन गोष्टी सांगायच्या ऱ्हायल्या. घोसरवाडच्या एक आजी शेळ्यांसाठी फोन करत्यात. त्या आधी घरचं सगळं सांगत्यात, सुनेचं, नातवाचं, गुडघ्याचं. कटाळून बंद करू नका. शेळीला काय झालंय ते त्या पार शेवटाला सांगत्यात.”

जरा थांबली. मागं कुठंतरी भांडं वाजलं.

“आणि डॉक्टर शिंद्यांना उन्हातनं धाडलं तर परत आल्यावर पानी विचारा. ते स्वतःहून मागत न्हाईत.”

पुन्हा थांबली. दादासाहेबांनी डोळ्यांवर हात घेतला.

“खोतमामांचा निरोप मला खरंच आला न्हवता. आला असता तर मी काय बसून ऱ्हायले असते व्हय? सख्खे शेजारी हायत ते माझ्या मावशीचे. त्यांच्या दारावरनं जायाचं म्हटलं तर मला आता… असू दे. एवढंच. नमस्कार.”

दिवा विझला. रांग संपली होती.

रणधीर जिच्या खुर्चीशेजारी उभा होता, तिनं हा निरोप त्यालाच ठेवला होता. नाव न घेता. जो कोण बसला असेल त्याला.

“रणधीर,” दादासाहेब म्हणाले. “कागद कुणी दिला होता मला?”

“मी.”

“काय लिहिलं होतंस त्यात?”

“दोष नाही…”

“मोठ्यानं बोल. बाईंना ऐकू जाऊ दे.”

“यंत्रात नि नेटवर्कमध्ये दोष नाही.”

“आणि मी तो घेऊन निघालो होतो. एका लेकुरवाळीला ठाण्यात खेचायला!” दादासाहेबांनी किल्ली टेबलावर आपटली. मग तिच्याकडंच बघत बसले. “तुला काय बोलू? मलाच कळायला नको होतं? चार वर्षं ती समोर बसलेली बघितली मी, आणि विश्वास ठेवला ठिपक्यांवर.”

त्यांनी पिशवीतून तो कागद काढला, फाडला नाही, घडी करून रणधीरच्या खिशात घातला.

“ठेव तुझ्यापाशी. खोताकडं मी जातो. काय तोंड घेऊन जायचं ते बघतो माझं मी.”

जिना उतरताना त्यांची पावलं कितीतरी वेळ वाजत राहिली.

वर दोघंच उरले. कॉम्प्युटर अजून टूं टूं करत होता. रणधीरनं त्याचं बटण दाबून तो बंद केला. भिंतीवरचा स्क्रीन काळा झाला आणि त्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. ते काही बघवेना.

“अक्का, तुम्हाला कधी कळलं?”

“पाणी असेल तर दे.”

त्यानं पाणी दिलं. अक्का सावकाश प्यायल्या. वायर अजून त्यांच्या डाव्या हातात होती, ती त्यांनी गुंडाळून पिशवीत टाकली, भाजी टाकावी तशी.

“चिडला नाहीत तुम्ही माझ्यावर?”

“पेला कुठं ठेवू?”

त्यानं पेला घेतला. मग त्यानं फोन पुढं ओढला.

“मी मालनताईंना आत्ता फोन लावतो. आत्ताच्या आत्ता. त्यांना सगळं नीट समजावून सांगतो. पेटीत रांग कशी लागते, चाचणी पुढं कशी जात होती, तुमच्याकडं निरोप का पोचत नव्हते… यात तुमची काही चूक नव्हती, हे मी त्यांना असं पटवून देतो की…”

तो बोलत होता आणि नंबर दाबत होता. पलीकडं घंटा वाजायला लागली. त्यानं घसा साफ केला.

अक्कांनी बोट पुढं केलं आणि फोनच्या खटक्यावर ठेवलं.

घंटा तुटली.

“अक्का?”

“घर विचारून घे तिचं. शिरोळला तू स्वतः जा.”

“जातो. आत्ता निघतो.” तो उठला, शर्ट नीट केला, दारापर्यंत गेला आणि वळला. पोरासारखं तोंड झालं होतं त्याचं. “पण अक्का, तिच्या दारात उभा राहिल्यावर… काय बोलू मी?”

अक्का पदर सावरत उठल्या.

“आधी तू बोलू नकोस.”